येसो गवसचा उजवा हात

येसो गवस पायी चालतानाही वळण आलं की हात दाखवायचा. उजवीकडे वळायचं असेल तर उजवा हात आडवा, ताठ. डावीकडे वळायचं असेल तरी उजवाच हात, पण हवेत गोल गोल फिरवून. डाव्या हाताला या कामात घ्यायचं नाही, कारण डावा हात गियरवर असतो. पायी चालणाऱ्या माणसाचा गियर कुठे असतो, असं मी त्याला एकदा विचारलं होतं. त्यावर त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की पुन्हा विचारायचं धाडस झालं नाही.

आमच्या सुर्लातल्या देवळात प्रदक्षिणा घालताना तो चारही कोपऱ्यांवर हात बाहेर काढी. लग्नाच्या पंगतीतून हात धुवायला उठला की आधी उजवीकडे बघी, मग डावीकडे, मग निघे. एकदा बँकेत रांग सोडून बाजूला होताना त्याने मागच्या शिक्षिकाबाईंचा चष्मा उडवला. सगळे त्याच्यावर ओरडले. येसो शांतपणे म्हणाला, “मागच्याक कळूक नको?”

हे त्याचं ठरलेलं उत्तर. सत्तावीस वर्षं त्याने सुर्लाच्या खाणीवरून नदीकाठच्या धक्क्यापर्यंत खनिजाचा ट्रक चालवला. तोच रस्ता, तीच वळणं, पुढे ट्रक, मागे ट्रक आणि मधे लाल धुळीचा पडदा. त्या धुळीत मागच्याला पुढच्याचा फक्त हात दिसायचा. तेव्हापासून तो हात काही आत गेला नाही. भाषाही त्या केबिनमधलीच. भूक लागली की तो “एम्टी” व्हायचा आणि जेवण झालं की “लोडेड”. लोडेड असताना तो चढ चढत नसे.

माझी त्याची ओळख वजनकाट्यावर झाली. मी तिथला कारकून. भरलेली गाडी काट्यावर चढली की मी आकडा लिहायचा आणि पावती द्यायची. येसो केबिनमधून डोकं काढून दर खेपेला तेच विचारी, “कारकुना, माका धरून वजन केलंस की माका सोडून?” मीही दर खेपेला म्हणायचो, “तुझं वजन काट्याला कळत नाही रे.” या एवढ्या भांडवलावर आमची मैत्री सत्तावीस वर्षं चालली. माझ्याही डोक्यावर त्या नोकरीचा परिणाम झालाच. आजही कोणी भेटलं की मला आधी त्याचं वजन दिसतं, नाव मागाहून आठवतं. त्यामुळे येसोला हसायचा मला तसा अधिकार नव्हता. पण हसायचो.

येसोच्या ट्रकचं नाव ‘सुमन’. मुलीचं नाव, घरी सुमी. दर्शनी भागावर मोठ्या अक्षरांत, आणि ताडपत्री दुसऱ्या कोणी उचलू नये म्हणून तिच्यावरही पांढऱ्या रंगात. संध्याकाळी गाडी अंगणात लावायची म्हणजे एक सोहळा असे. अंगण चिंचोळं, मागे फणसाचं झाड. येसोचा नियम असा, की मागे बघणारं माणूस असल्याशिवाय गाडी मागे घ्यायची नाही. ते माणूस म्हणजे सहा वर्षांची सुमी. ती बाजूच्या पायरीवर उभी राहायची आणि सगळ्या वाड्याला ऐकू जाईल अशी ओरडायची, “येवंदे… येवंदे… उजवीक… येवंदे… बस!” येवंदे म्हणजे येऊ दे. मग ट्रकच्या मागच्या फाळक्यावर दोन थापा. मधे जागा किती राहिली हे येसो केबिनमधूनच विचारी, “किती रवला गो?” ती फाळका आणि फणस यांच्या मधे आपला तळवा घालून बघायची आणि सांगायची, “चार बोटां!” ती कॉलेजात जाईपर्यंत हे चाललं. फणसाच्या सालीला कधी ओरखडासुद्धा आला नाही.

मग खाणी बंद पडल्या. काटा बंद झाला, मी घरी बसलो. ‘सुमन’ फणसाखाली उभी राहिली. पहिल्या पावसात तिच्या चाकांभोवती गवत आलं. दुसऱ्या पावसात सुमीने पेडण्याच्या बाजूला, मांद्रेच्या एका हॉटेलात नोकरी धरली. तिथे तिची तेरेखोलच्या आग्नेलशी ओळख झाली आणि वर्षभराने दोघांनी नोंदणी करून लग्न केलं. मुलगा ख्रिस्ती. गावाला बोलायला विषय मिळाला. येसो लग्नाला गेला नाही. कोणी विचारलं तर एवढंच म्हणायचा, “हात दाखवल्यान नाय.” मुलगी हात न दाखवता वळली, असा त्याचा अर्थ गावाने घेतला, मीही घेतला, आणि बाप चिडलाय असं समजून सगळे गप्प बसले.

चार वर्षं तो तिच्याशी बोलला नाही. येसोची बायको, आमच्या वहिनी, मात्र एक शुक्रवार सोडून एक शुक्रवार म्हापशाच्या बाजाराला जायच्या. म्हापशाचा बाजार सकाळचा, वहिनी परतायच्या दिवेलागणीला, आणि पिशवीत असे समुद्राच्या वाऱ्याचा वास असलेला ताजा बांगडा. येसो तो निमूट खायचा आणि काटा बाजूला काढत म्हणायचा, “म्हापशाक हल्ली नुस्ता बरा मेळता.” नुस्ता म्हणजे मासळी. ती कुठून येते हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात येसो एका सकाळी माझ्याकडे आला आणि पायरीवर बसून म्हणाला, “कारकुना, गोंय बघूक जावया.”

“आपण गोव्यातच आहोत की.”

“खंय बघलंव? तू काटो बघलंस, मी धक्को बघलंय. ते गोरे पाठीवर पोतां मारून सगळा बघतत. आपण म्हातारे होवच्या आधी बघया.”

“कुठपर्यंत जायचं?”

तो अंगणातल्या कोंबड्यांकडे बघू लागला. मग म्हणाला, “रस्तो संपता थंयसर.”

उत्तरेकडे गोव्याचा रस्ता तेरेखोलला संपतो.   मी घरात जाऊन माझ्या मुलाने पुण्याहून आणून टाकलेली सॅक माळ्यावरून काढली आणि झटकली.

येसोची सॅक वेगळीच. ट्रक भंगारात गेला तेव्हा त्याने ताडपत्री तेवढी ठेवून घेतली होती. साखळी गावातल्या, गाड्यांचे हुड शिवणाऱ्याकडून तिची त्याने पाठपिशवी करून घेतली. पितळी कड्या, जाड दोरी, ट्रकवाल्यांची ती खास गाठ आणि मागे लाल चकाकती पट्टी. कोणी मागून येऊन आदळू नये म्हणून. रंगवलेलं नाव मात्र बाहेर कुठे दिसत नव्हतं. मी नजरेनेच वजन केलं. अकरा किलो.

निघालो. सुर्लाहून डिचोली, तिथून अस्नोडा. येसो पुढे, मी मागे, कारण हॉर्न दिल्याशिवाय पुढे जाऊ देत नसे आणि मला तोंडाने हॉर्न वाजवायची लाज वाटायची. प्रत्येक वळणाला त्याचा हात बाहेर. मागून येणारे स्कूटरवाले आधी गोंधळायचे आणि मग आभार मानून जायचे. पहिला मुक्काम एका देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे यात्रेकरूंच्या खोल्यांत. तिथल्या माणसाने कुठे चाललात विचारलं, तेव्हा येसो ऐटीत म्हणाला, “बॅकपॅकिंग.” त्याने आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नवस कसला आहे म्हणून विचारलं.

दुसऱ्या दिवशी कोलवाळचा पूल ओलांडून पेडण्यात शिरलो, आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. माझी सॅक सारखी हलकी होत होती. बायकोने दिलेले लाडू संपत आले होते, चिवडा संपला होता, आणि त्यातला निम्म्याहून जास्त येसोने खाल्ला होता. त्याची सॅक मात्र अजून अकरा किलोच. तीस वर्षं हेच काम केलेला माणूस मी. खेप चालू असताना वजन उतरत नाही म्हणजे माल कुणाच्या तरी नावचा असतो.

“येसो, तुझ्या पिशवीत काय आहे रे?”

“कपडे.”

“कपड्यांना नारळाचा आकार येतो?”

“रस्त्यार बघ कारकुना, वळाण इला,” असं म्हणून त्याने हात बाहेर काढला. वळण अजून फर्लांगभर लांब होतं.

तिसऱ्या दिवशी हरमलला पोचलो. सुर्लाहून हरमल किती लांब, तर बसने दुपारच्या जेवणाआधी. पण आम्हाला वाटलं, विमानाने आलोय. पाट्या आमच्या ओळखीच्या लिपीत नव्हत्या. अर्धी गल्ली अनवाणी, उरलेली अर्धी डोळे मिटून बसलेली. येसोने भाकरी मागितली. त्याच्यापुढे एक फुगलेली गोल भाकरी आणि वाटीत वाटलेल्या चण्यांचा लगदा आला. त्याने भाकरीला बोट लावलं. तिच्यातली हवा गेली. “पंचर,” तो म्हणाला, आणि तीन खाल्ल्या.

संध्याकाळी किनाऱ्यावर दोनशे माणसं पश्चिमेकडे तोंड करून बसली होती. सूर्य पाण्यात गेला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. येसो दचकून उभा राहिला. “काय झाला? कोण इलो?”

“कोणी नाही. सूर्य मावळला.”

“तो रोज मावळता मरे! आज काय येगळा केल्यान?” असं म्हणाला खरा, पण थोड्या वेळाने, सगळे पांगल्यावर, त्यानेही हळूच दोन टाळ्या वाजवल्या. पूर्ण खेप करून गेलेल्याला तेवढं द्यायला हवं, असं त्याचं म्हणणं पडलं.

आमच्या शेजारच्या झोपडीत साठीची एक रशियन बाई राहत होती. तिच्याही पाठीवर पोतं. तुम्ही कुठले, असं तिने विचारलं. मी माझ्या काट्यावरच्या इंग्रजीत सांगितलं, गोव्याचे. ती हसली आणि म्हणाली, पाच हिवाळे मी येते आहे, इथे नेपाळचे भेटले, काश्मीरचे भेटले, गोव्याचे फिरायला आलेले तुम्हीच पहिले. येसोला मी अर्थ सांगितला. तो इतका खूश झाला की माझ्याकडचा शेवटचा लाडू त्याने तिला देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गाड्यावर चहा घेत होतो. गाड्याच्या बाजूची गल्ली जेमतेम जीपभर. भाड्याची जीप घेऊन एक परदेशी पोरगा तिच्यात घुसला आणि समोर भिंत लागल्यावर अडकला. मागे माड, बाजूला गटार, बोलणारे दहा आणि मागे बघणारा एकही नाही. येसोने चहाचा ग्लास खाली ठेवला. जीपच्या मागे जाऊन उभा राहिला आणि हात हलवत ओरडला, “येवंदे… येवंदे… उजवीक… येवंदे…” त्या पोराला मालवणीचा गंध नव्हता. पण जीप लोण्यातून सुरी निघावी तशी बाहेर आली. येसोने तिच्यावर दोन थापा मारल्या आणि सवयीने माड आणि जीप यांच्या मधे हात घालून बघितलं. मग तो हात तसाच धरून उभा राहिला.

परत येऊन बसला, तेव्हा चहा गार झाला होता. त्याने तो प्यायला नाही.

“कारकुना,” तो म्हणाला, “सुमीन हात दाखवलेल्यान.”

मी माझा ग्लास खाली ठेवला.

“लग्नाच्या आधी तीन महिने घराक इली. माझ्या म्होऱ्यात बसान सगळा सांगल्यान. आग्नेल बरो आसा, माका विचारूक येतलो म्हणाली. मीच बघलंय नाय तिच्याकडे. उठान गाडयेची काच पुसूक लागलंय.”

“धर्म वेगळा म्हणून?”

“धर्माचा काय घेवन बसलंस!” तो एकदम चिडला. “माझी गाडी उभी रवली म्हणान त्या चेडवाक भायर पडूचा लागला. तिच्या पगारान घरात तांदूळ येय होते. लग्नाक तिका देवक माझ्याकडे साडी पण नाय होती. कोणत्या तोंडान जातलंय? रागान गेलंय नाय असा लोक म्हणतत ता बरा वाटला माका. म्हणान बोललंय नाय.”

चार वर्षं आम्ही सगळे ज्याला राग म्हणत होतो, ती लाज होती. आणि मी, ज्याला सगळ्यांचं वजन कळतं असा माझा समज, मला शेजारच्या घरातलं हे कळलं नव्हतं. मला स्वतःचीच चीड आली.

येसोने सॅकची गाठ सोडली आणि सगळं बाहेर काढलं. स्वतःच्या शेतातले पाच किलो उकडे तांदूळ, दोन नारळ, गूळ, जत्रेतलं खाजं, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली हिरवी साडी. लेकीच्या ओटीचं सामान. त्याने रिकामी सॅक आतून बाहेर उलटी केली. आतली बाजू जरा उन्हात पडू दे, म्हणाला. ताडपत्रीवरचं जुनं पांढरं नाव वर आलं. ‘सुमन’. रंग उडाला होता, पण वाचता येत होतं. सॅक तशीच उलटी ठेवून त्याने दोरी कड्यांत बाहेरून ओवली, सामान पुन्हा भरलं आणि वाटेला लागला.

केरीला फेरीबोटीत चढलो. पलीकडे तेरेखोलचा किल्ला, पाणी स्वच्छ, पाच-दहा मिनिटांचा प्रवास. एरवी येसोने बोट चालवणाऱ्याला दहा सूचना केल्या असत्या. त्या दिवशी तो कठड्याला धरून उभा होता.

आग्नेलचं घर वहिनींनी मला गुपचूप सांगून ठेवलं होतं. चढाच्या अर्ध्यात, निळ्या खिडक्यांचं, पुढे बाल्कांव. बाल्कांव म्हणजे ख्रिस्ती घरांना पुढे असतो तो बसायचा सोपा. येसोलाही ते माहीत असावं, कारण फाटक यायच्या वीस पावलं आधीच त्याचा हात बाहेर आला. उजवा, आडवा, ताठ.

पण तो वळला नाही. फाटकापाशी पोचला, हात तसाच बाहेर, आणि थांबला. मग घराकडे पाठ करून नदीकडे बघत उभा राहिला.

“येसो, आत चल.”

“बघतंय. पाणी बरा आसा.”

“चार दिवस चालून पाणी बघायला आलास?”

“कारकुना, माका होवचा नाय. चल, परत जावया. सामान तू दी. तुका काय, तू देवन ये.”  मला काय करावं सुचेना. ओढून नेता आलं असतं, पण तसं नेलं असतं तर तो जन्मभर तिथे पुन्हा आला नसता.

घरात भांडं वाजलं आणि सुमी बाल्कांवात आली. हातात तांदूळ निवडायचं सूप, कडेवर दोन वर्षांची पोर. तिने आधी मला पाहिलं. मग फाटकातली ती पाठ पाहिली. त्या पाठीवर, उडालेल्या पांढऱ्या रंगात, तिचं नाव होतं.

ती ओरडली नाही. धावत आली नाही. सूप खाली ठेवलं, पोरीला बाकावर बसवलं आणि पायरीवर एका बाजूला उभी राहिली. मग मला गेली कित्येक वर्षं ऐकू आला नव्हता असा आवाज आला.

“येवंदे…”

येसोचे खांदे हलले.

“येवंदे… येवंदे…”

त्याने मागे वळून पाहिलं नाही. एक पाय मागे टाकला. मग दुसरा. बाहेर काढलेला हात हळूहळू आत घेतला आणि कमरेपाशी धरला, जिथे स्टिअरिंग असतं. उलट्या पावलांनी फाटकातून आत आला. खांबाला लागणार असं मला वाटलं.

“उजवीक… उजवीक… आता सरळ… येवंदे…”

बाकावरची पोर टाळ्या वाजवत होती. मी फाटकाला धरून उभा होतो आणि मला समोरचं नीट दिसत नव्हतं. येसो येत राहिला, इंचाइंचाने, तसाच, जसा सत्तावीस वर्षं त्या चिंचोळ्या अंगणात येत होता.

“बस!” सुमी म्हणाली, आणि तिने ताडपत्रीवर दोन थापा मारल्या. दुसऱ्या थापेनंतर हात उचलला नाही.

येसो समोर नदीकडे बघत होता. गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्याने ते पुसलं नाही. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, “किती रवला गो?”

“चार बोटां, बाबा,” ती म्हणाली.

मी तीस वर्षं काट्यावर काढली आहेत. डोळ्यांत पाणी असलं तरी मला मोजता येतं. चार बोटं नव्हती. तिचं कपाळ त्याच्या पाठीवरच्या ताडपत्रीला टेकलेलं होतं.